सवतीचा आवाज

नाही झालं हो घड्याळ — तिसरी खेप तुमची, कळतंय मला — पण यांचे हात थरथरतात, बारीक स्क्रू चिमट्यात धरवत नाही. दारू? छे! गोळ्यांनी. डोस वाढवलाय. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने सांगितलंच असेल, घड्याळवाला डोक्याने गेलाय म्हणून. गेला-बिला नाही काही! यांना एका बाईचा आवाज ऐकू येतो, एवढंच. लग्नाच्या आधीपासून. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुष्कळांना येतो, संसार करतात, नोकऱ्या करतात. त्रास होत नाही तोवर लहान गोळी पुरे. माझा भाऊ मला न्यायला आला होता — वेड्याजवळ राहू नकोस म्हणाला — दारातूनच परत पाठवला त्याला.

पण खरं सांगू? बसा ना. भीती नव्हती मला — जळत होते मी. हो, जळत होते! डॉक्टरबाई म्हणाल्या, आवाजावरून भांडू नका, ती काय म्हणते ते विचारा. विचारलं. तर हा माणूस — भाजीत मीठ नसलं तरी तोंड उघडत नाही — तासभर बोलला! ती म्हणते सावकाश, ती म्हणते शाबास, काटा किती नीट बसवलास. आणि डोळ्याला भिंग लावून गालातल्या गालात हसणं! चौदा वर्षं दुकान झाडलं मी, सासूबाईंचं दुखणं काढलं मी, आणि हसू कुणाला? या सवतीला! तिला ना भांडी, ना धुणं — नुसतं गोड बोलायचं.

मग — कुणाला बोलू नका हं — हा पडदा आहे ना, दुकान आणि स्वयंपाकघराच्या मधला? त्याच्यामागे उभी राहिले, आवाज मऊ केला आणि म्हटलं, ‘सावकाश रे, घाई नाही.’ हे हसले हो! माझ्यासाठी — म्हणजे तिच्यासाठी — पण हसले. चार दिवस भाजी चिरता चिरता मी सवत झाले. तिथेच थांबायचं ना? पाचव्या दिवशी हाव सुटली. म्हटलं, ‘तुझी बायको गुणाची आहे रे.’ यांच्या डोळ्याचं भिंगच पडलं. पांढरेफटक! का, माहितेय? तिने माझा विषय कधी काढलाच नव्हता म्हणे. इतक्या वर्षांत एकदाही नाही — बघा, किती आतल्या गाठीची!

हे घाबरून आपणहून डॉक्टरबाईंकडे गेले. आवाज बदललाय, बाहेरून येतो, घरातलं बोलतो. मी शेजारच्या खुर्चीवर. गप्प. त्यांनी गोळ्या दुप्पट केल्या. आता ती नाही, हसू नाही, आणि हात हे असे. जिंकले म्हणायचं मी.

डॉक्टरबाईंना सांगितलं का? कसं सांगू? उद्या तारीख आहे. सांगितलं तर गोळी कमी होईल, तुमचं घड्याळ होईल — आणि ती परत येईल. आणि यांना कळेल, बायकोला गुणाची म्हणणारी बायकोच होती. ती नव्हतीच. यांनी तर कधीच —

अं? श्श, हलू नका. आतून विचारतायत. ऐकलंत ना, कसे दचकलेत — कुणाचा आवाज येतोय, मलाच येतोय का म्हणून. देवा! — अहो, माझा! माझाच आवाज आहे हो! घाबरू नका! हा पण माझा आणि — आणि त्या दिवशीचा पण —

निघा तुम्ही आता. घड्याळ राहू दे.