सोळा ठोकळ्यांचं डुक्कर

(न्यूयॉर्क, १८७८. एका साप्ताहिकाची कोरीवकामाची खोली; इथं चित्र लाकडी ठोकळ्यांवर तुकड्यातुकड्यानं कोरून, ते जोडून छापतात. व्यंगचित्रकार व्हिटकॉम आणि मुख्य कारागीर कास्पर.)

व्हिटकॉम : बारा वाजता छपाई आहे, आणि तू हातावर हात ठेवून बसलायस?

कास्पर : बाकीच्या ठोकळ्यांच्या सांध्यांवरच्या रेघा जुळवल्या. हा एक ठोकळा राहिलाय.

व्हिटकॉम : त्यात काय एवढं? डुकराला लावलेलं माणसाचं तोंड!

कास्पर : एमिलचं तोंड आहे ते, साहेब.

व्हिटकॉम : कोण एमिल?

कास्पर : माझा भाऊ. उन्हाळ्यात सहलीला त्यानं तुम्हाला बिअर पाजली. तुम्ही वहीत काहीतरी खरडत होतात.

व्हिटकॉम : अरे देवा! मला पुढाऱ्यामागे लाळ घोटत फिरणारा चेहरा हवा होता. वहीत दिसला, उचलला. काल का नाही बोललास?

कास्पर : काल कुठे दिसलं? सोळा ठोकळे सोळा जणांत वाटलेले. माझ्याकडे पुढाऱ्याचे बूट आले. तोंड ह्यूगोनं कोरलं. सकाळी सगळे जोडले, तेव्हा कळलं.

व्हिटकॉम : मी भेटतो त्याला. पाय धरतो हवं तर.

कास्पर : तीन आठवडे झाले त्याला जाऊन. न्यूमोनिया.

व्हिटकॉम : ...मला कुणी सांगितलं नाही रे.

कास्पर : पुढाऱ्यानं फुलं पाठवली. फितीवर एमिलपेक्षा त्याचंच नाव मोठं.

व्हिटकॉम : नाक बदल. दाढी लाव. मी बघितलंच नाही म्हणेन.

कास्पर : त्यासाठीच बसलो होतो. हात उचलत नाही. रडूही येत नाही. काहीच होत नाही, साहेब.

व्हिटकॉम : आण इकडे, मी बिघडवतो.

कास्पर : नको. खोटं कुठे आहे? अकरा वर्षं एमिलनं त्या पुढाऱ्याची पत्रकं वाटली, पुलावर राखणदाराची जागा मिळेल म्हणून. मिळाली असती तर त्यानंही पैसे खाल्लेच असते. मिळाली नाही.

व्हिटकॉम : मग करायचं काय? तूच सांग.

कास्पर : छापा. फक्त दहा मिनिटं द्या. हा ठोकळा सोडवून त्याचा एक छाप घेतो. आईकडे त्याचा एकही फोटो नाही.

व्हिटकॉम : आईला दाखवणार? अरे, डुकराचे कान आहेत त्याला!

कास्पर : कान वरच्या ठोकळ्यावर गेलेत, साहेब. ह्यात नुसता एमिल आहे.