बाकावरची बाई

—न्या की, भाऊजी, पुस्तकांची कपाटंच्या कपाटं न्या! हे गेल्यावर मी काय ती उशाला घेऊन झोपू? मी चौथी पास बाई. बसा—त्या खुर्चीत नको, ती ह्यांची. तिकडे बसा. जन्मभर त्या एका अमेरिकनावर लिहिलं ह्यांनी. कादंबऱ्या त्यानं लिहायच्या, त्यांचे सिनेमे त्यानंच काढायचे, आणि अर्थ लावायला दिवा जळायचा आमच्या घरातला! त्याला पत्ता तरी होता का, की आपल्यापायी इथे दोन प्राध्यापकांनी अबोला धरलाय? आणि कशावरून—तर सिनेमात स्टेशनच्या बाकावर बसलेली ती बाई! हे म्हणायचे, ती म्हणजे स्वातंत्र्य. तुम्ही छापून आणलंत, ती म्हणजे मृत्यू. झालं! आमच्या लेकीच्या लग्नात हॉलच्या दोन टोकांना दोन फुगलेली तोंडं—जसा काही तो बाक तुमच्या वाटणीतला होता! मी म्हटलं, अहो, गाडी चुकली असेल तिची. तर हे हसले. तुम्हीही हसताय? हसा, विद्वान आहात.

‘एकाकीपणाचे सौंदर्यशास्त्र’—केवढा तो ह्यांचा ठोकळा! लिहिताना चहा कोणी आणून ठेवला, मान वर करून पाहिलं नाही. तिथे नाही दिसला एकाकीपणा. तो अमेरिकेतच पिकतो ना!

काय? सिनेमाची सीडी? कुठे मिळत नाही, विभागाला हवी? नाही मिळायची. मला काय कळतं त्यातलं, म्हणता—नाहीच कळत. शेवट तरी कुठे पाहिलाय मी! हे मला शेजारी बसवायचे, आणि ती बाई बाकावर टेकली रे टेकली की रिमोट दाबून थांबवायचे. मग उठून येरझाऱ्या, हातवारे, बोलत सुटायचे—माझ्याशी बरं का, माझ्याशी! एरवी ‘मीठ कमी आहे’ यापलीकडे शब्द नाही. बोलून दमले की टीव्ही बंद. अजून लावते मी, दुपारची. बाई टेकली की थांबवते, आणि ह्यांच्या खुर्चीकडे तोंड करून बसते. पुढे कशाला जाऊ? पुढे हे नाहीत ना.

काही नाही हो, डोळ्यात धूळ गेली. तुमच्याच पुस्तकांची.

काय म्हणालात? शेवटी ती बाई—? गप्प बसा! एक अक्षर पुढे नाही! ह्यांनी सांगितलं नाही ते तुम्ही सांगणार मला? उचला ती खोकी. आणि जाताना दार ओढून घ्या.