सहलीतून परतताना

नेदरलँड्समधल्या स्खिपोल विमानतळाहून नायमेखन शहराला निघालेल्या रेल्वेगाडीत मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं आणि वल्लरीने लॅपटॉप मिटून कान टवकारले. साठी उलटलेली दोघं आयर्लंडच्या सहलीवरून परतत होती.

"तुमच्या ईशानला कोण सांगणार, कुमुदताई?"

"तुम्ही सांगा, नीळकंठराव. लग्नाचं विचारलंत तुम्ही."

"होडी इतकी हलत होती की म्हटलं, बुडण्याआधी विचारून घ्यावं."

"कमरेएवढं पाणी होतं हो तळ्याला! नावाडी हसत होता."

"आणि तुम्ही उत्तर न देता मला तसंच बेटावर नेलंत."

"मला तो आठशे वर्षांचा मठ बघायचा होता."

"मठ कसला, चार भिंती आणि चाळीस मेंढ्या."

"साक्षीदार नकोत का 'हो' म्हणायला?"

दोघं शाळकरी पोरांसारखी खिदळली. वल्लरीने ओठ घट्ट दाबले.

"पण खरंच, कसं सांगायचं? नऊ वर्षं एकटी राहिले, आता सहलीतून नवरा घेऊन आले म्हणू?"

तेवढ्यात फोन वाजला.

"हो रे ईशान, पोचतेच. तळी पाहिली, किल्ला पाहिला... अहो, जरा सरका ना, व्हिडिओ आहे."

"आई, 'अहो' कुणाला म्हणालीस?"

"ह्यांना. मीनलला सांग, एक पान जास्त वाढ."

फोनमधून सुनेची, मीनलची, आनंदाची किंकाळी आली.

"ईशान, बघ! मी म्हटलं नव्हतं, आई एकट्या परतणार नाहीत?"