लाल बांधीचं उपाशी धान

माहं माहेर आरमोरीकडलं भाऊ, तिथं काळी माती, धान टाकलं का झालंच समजा. लगीन होऊन आली तं इथी जंगलाच्या कडेले, सारी लाल बरड. का सांगू तुमाले, बांधी, म्हंजे धानाचं वावर, पाह्यलं आन म्हटलं, माय वो, इथी तं कुंकवाचाच धंदा करा लागते. सासूबाई हासल्या, मालक मातर फुगून बसला.

पन त्या बांधीत धान असं काळंशार दिसे का येनारा-जानारा म्हने, वा, का रंग हाये. आमीबी खूश. आन कापाले गेलं का सारी तनस, दानाच नाई. मंग मजूर नेनारी जीप ये, आन आमी दोघंबी तेलंगणात मिरच्या तोडाले जावो. पोट्टी सासूबाईजवळ राहे. जीपच्या मांगं धावे ते, रडत. एका साली मी परतली तं ते मलेच मामी म्हने. पोटची पोट्टी, मले मामी! तेवा ठरवलं, आता इले सोडून जायाचं नाई, बांधीच पिकवाची.

तेवाच कृषी खात्याची ताई आली, पोरसवदाच होती. म्हने, बाई, हे धान उपाशी हाये. मी भडकली. अवो, एवढं खत फेकून राह्यलो आमी, आन उपाशी काऊन? ते नाई रागावली. चपला काढून चिखलात उतरली, एक रोप उपटून दाखवलं, फुटवे नाई, मुळं आखूड. म्हने, स्फुरद, म्हंजे फॉस्फरस, भेटत नाई याले, म्हनून असा काळा रंग येते. तुमी टाकता, पन माती आंबट हाये, तिच्यातलं लोखंड स्फुरदाले धरून बसते. म्हटलं, म्हंजे सासूच्या कुलपातला गूळ, घरात हाये पन खायाले भेटत नाई. लय हासली ते, म्हने, अगदी तसंच.

मंग रोवन्याले तिनं धुऱ्याजवळ खड्डा कराले लावला. त्याच्यात चिखल, शेनखत आन सुपर फॉस्फेट कालवलं. पऱ्ह्याची, म्हंजे रोपाची, पेंढी आनाची, मुळं त्याच्यात बुडवून ठेवाची, मंगच रोवाची. मातीनं धराच्या आंधी मुळानं घ्यावं, असा तिचा हिशेब. रोवनाऱ्या बाया कुरकुरल्या, हात भरते, उशीर होते. ताईनं ओढनी खोचली आन सोताच रोवाले वाकली. ओळ वाकडी जाये तिची, बाया हासत, पन दिवस बुडेपर्यंत बांधीतून निघाली नाई. नोकरीवाली बाई अशी राबतांना मी पह्यल्यांदा पाह्यली, मनातून पाया पडली तिच्या.

त्या साली धान पोपटी झालं. मालक घाबरला, रंग गेला म्हने, बुडालो. आन मंग फुटवे असे निघाले का बांधीत पाय ठेवाले जागा नाई.

कापनी झाली, कोठी दान्यानं भरली. मंग जीप आली, हारन वाजला. पोट्टी कोठीमांगं लपली. मी डरायवरले म्हटलं, जाय भाऊ, आमाले नाई यायाचं.

ताईची बदली झाली अहेरीकडं. जिथी असल तिथी सुखी राहो माय, तिचं घर भरलेलं राहो. आमी अजूनबी मुळं बुडवूनच रोवतो. पोट्टी मोठी झाली, शाळेत जाते, पन जीपचा हारन आयकला का अजूनबी माहा पदर धरते. धरू दे. मी आता कुठी जाऊन राह्यली?