एकाच टँकरचं पाणी

रोगाच्या साथीवरची माझी जुनी कादंबरी पुन्हा छापू का, असं विचारणाऱ्या प्रकाशकांच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. आज अंबरनाथला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे दोन नर्स बोलत होत्या.

"ऋतिका, पालेगावचे सगळे पेशंट एकाच टँकरचं पाणी प्यायले, हे तुला सुचलं कसं गं?"

"कादंबरीत वाचलेलं. त्यात अतिरेकी टाकीत जंतू टाकतात. नर्स प्रत्येकाला विचारते, पाणी कुठलं प्यायलात?"

"आणि तू खरंच विचारत सुटलीस!"

"म्हणून तर टँकर थांबला ना! माझी आई पण तेच पाणी भरते. त्या लेखकाला थँक्यू बोलायचंय यार."

"जिवंत आहे का तो?"

"काय माहीत. पुस्तक पण मिळत नाही. माझ्याकडे झेरॉक्स आहे."

त्यांची रिक्षा गेल्यावर मी पोस्टात जाऊन कार्ड टाकलं: "जरूर छापा. पहिली प्रत मला पाठवा. पालेगावच्या ऋतिका सिस्टरना नेऊन द्यायची आहे."