पूर्ण्यात काय बघावं?

तुम्ही हसाल, पण आमच्या पूर्ण्यात पर्यटकांनी काय बघावं, यावर मी एकदा लेख लिहायला घेतला होता. काही सुचेना, म्हणून शेजारच्या काकांना विचारलं. ते रेल्वेतून रिटायर झालेले.

काका म्हणाले, "इथं लोक गाडी बदलायला उतरतेत. गाव बघायला कोण येतंय?"

"तरी एखादी जागा सांगा की."

ते मला स्टेशनात घेऊन गेले अन् फलाटावरच्या नळापाशी थांबले.

"इथं दोघं बापलेक पाणी भरायला उतरले होते. तेवढ्यात त्यांची अकोल्याची गाडी सुटली. पोरगी लय रडली. मग मी दोघांना घरी जेवायला नेलं."

"पुढं?"

काकांनी नळ उगाच घट्ट केला.

"पुढं काय. तुझी काकू अजून इथंच हाय."