नवसाची भाजलेली कोंबडी

लामयाइ : हे बघ, दोन्ही हात पाठीमागे घेतलेत. मी काही हात लावत नाही. पण तोंड बंद ठेवीन असं कुणी कबूल केलेलं नाही. तो जाळ आधी खाली बसव.

मेक : जाळ नको तर भाजायचं कशावर, आई?

लामयाइ : निखाऱ्यावर. निखाऱ्यावर राखेचा पातळ थर धरू दे. मग वर तळहात धर आणि पाच मोज. पाचपर्यंत हात टिकला की कोंबडी ठेवायची.

मेक : एक, दोन, ती... आई गं.

लामयाइ : थांब अजून. तोवर ती कोंबडी नीट पसरून घे. छातीतून फाडलीयस ना, मग पुस्तकासारखी उघडी दिसली पाहिजे. बांबूच्या चिमट्यात अशी धर... अशी नाही रे. देवा, माझे हात शिवशिवतायत.

मेक : हात मागे.

लामयाइ : मागेच आहेत. टोक बांध. घट्ट. रस्त्याकडेला तीस वर्षं कोंबड्या भाजून विकतेय मी, आणि माझ्या लेकाला साधी गाठ मारता येत नाही.

मेक : मारली. आता?

लामयाइ : आता मला एक सांग. सगळं गाव देवराईतल्या राखणदार आजोबांना उकडलेली कोंबडी कबूल करतं. पातेल्यात टाकली, उकडली, नवस फिटला. तुला भाजलेली कुणी सुचवली? आणि वर स्वतःच्या हातानं?

मेक : भीतीनं. दुसऱ्या दिवशी सैन्यात कोण जाणार त्याची चिठ्ठी काढायची होती. मला वाटलं, उकडलेली तर सगळेच देतात. भाजलेली म्हटलं तर आजोबा जरा कान टवकारतील.

लामयाइ : टवकारले ना. काळी चिठ्ठी दिली, सुटलास. फानोमला लाल आली. त्याला सांगितलंस का?

मेक : काय?

लामयाइ : वेड पांघरू नकोस. नवस बोलताना फक्त स्वतःपुरतं मागितलंस ते. शेजारी फानोम बसलेला, आणि त्याचं नावसुद्धा घेतलं नाहीस ते.

मेक : सांगतो.

लामयाइ : तीन आठवडे ‘सांगतो’ चाललंय. आज बारा वाजता शाळेपाशी गाडी येणार त्याला न्यायला. मग काय, दोन वर्षांनी सांगणार?

मेक : आई, तो चिडला तर? असा चिडूनच गेला तर?

लामयाइ : आणि तू न सांगताच तो गेला तर दोन वर्षं असाच झुरणार. जेवत नाहीस धड. बघ, आलाच तो.

फानोम : काय मावशी, कोंबडी पेटलीय का पोरगा?

लामयाइ : दोघंही अजून कच्चे. ये, बस. पिशवी भरलीस?

फानोम : भरली की. तीन चड्ड्या, एक साबण. बाकी सगळं सरकार देतं म्हणतात. केसपण तेच कापणार.

लामयाइ : आई काय करतेय?

फानोम : सकाळपासून माझा एकच सदरा घडी करतेय. करते, मोडते, परत करते. म्हटलं, जरा बाहेर जाऊन येतो.

लामयाइ : मी चिकट भात उतरवून येते. मेक, कातडीची बाजू वर ठेव, हाडांची खाली, तीच जास्त वेळ. आणि हलवत राहा. मोबाइल काढलास तर तोच भाजीन.

फानोम : ही तुझी कोंबडी म्हणजे मेक, सायकलखाली आलेल्या बेडकासारखी दिसतेय.

मेक : वास बघ आधी. मसाला मी कुटलाय. लसूण, पांढरी मिरी, कोथिंबिरीची मुळं, गवती चहा. पहाटे चारला उठलो.

फानोम : गवती चहाचे दोरे लोंबतायत.

मेक : आईपण तेच म्हणाली. तुम्ही दोघांनी मिळून कोंबडीची गाडी टाका.

फानोम : दोन वर्षांनी टाकू. उलट ना आता.

मेक : आई म्हणाली हाडांची बाजू जास्त वेळ.

फानोम : मावशी म्हणाली तर राहू दे. ए, देवराईतल्या देवळीचा पत्रा बघितलास का?

मेक : अर्धा हिरवा केलाय कुणीतरी. सगळे म्हणतायत, रंग संपला असेल.

फानोम : रंग पुष्कळ आहे. अर्धा डबा घरी पडलाय.

मेक : तू रंगवलास?

फानोम : परवा. माझा नवस होता ना. आजोबांना म्हटलं होतं, आम्हा दोघांना काळी चिठ्ठी द्या, तुमच्या देवळीचा पत्रा रंगवून देतो. दोघांपैकी एकाला मिळाली. म्हणून अर्धा.

मेक : पण तुला... तुला तर लाल आली.

फानोम : भगतपण तेच म्हणाला, तू काही देणं लागत नाहीस, जा. मी म्हटलं, असं कसं? मागितलेलं अर्धं दिलंय त्यांनी. बुडवायचं का? उद्या तिकडे तापबीप आला तर कुठल्या तोंडानं हाक मारू? काय रे? धूर गेला का डोळ्यांत?

मेक : फानोम, मी तुझ्यासाठी मागितलं नव्हतं.

फानोम : म्हणजे?

मेक : म्हणजे मी म्हटलं, आजोबा, मला काळी द्या. मला. एवढंच.

फानोम : एकदाही नाही?

मेक : नाही.

फानोम : मी कुठे होतो तेव्हा?

मेक : शेजारीच. तुझं ढोपर माझ्या ढोपराला लागत होतं.

फानोम : आणि तरी.

मेक : भीती वाटत होती रे. त्या भीतीत मला फक्त मीच दिसत होतो. नंतर आठवलं. घरी आलो, हात धुतले, आणि हात धुताना आठवलं की अरे, फानोम राहिला. परत जाता आलं असतं. पाऊण मैलाचा तर रस्ता. मी जेवायला बसलो.

फानोम : काय जेवलास?

मेक : काय?

फानोम : काय जेवलास त्या दिवशी?

मेक : पपईचं सॅलड. आणि मासा.

फानोम : बरं.

मेक : शिवी तरी दे.

फानोम : येतो मी. आई एकटी आहे.

मेक : अरे, थांब. थांब ना. मला ही सोडून येता येत नाही, नवसाची आहे. फानोम! आजोबांची शपथ... अरे, खड्ड्यात गेली कोंबडी, थांब.

फानोम : सोड सदरा.

मेक : नाही सोडत. मार मला. लहानपणी मारायचास तसं मार.

फानोम : लहानपणी तू माझी गोगलगाय हरवलीस म्हणून मारलं होतं. ह्याला काय मारू? मी तिथे तुझं नाव आधी घेतलं होतं, मेक. माझ्या आधी तुझं. कारण तू फटीचर आहेस. तुला रांगेत उभं राहता येत नाही, सकाळी उठता येत नाही. मला वाटलं, ह्याला लाल आली तर हा दोन दिवसांत रडत परत येईल.

मेक : आलो असतो.

फानोम : मला माहितीय. म्हणून तर... कसला वास येतोय?

मेक : येऊ दे.

फानोम : अरे, जळतेय ती. मेक, जळतेय. मावशी, तुम्ही बघताय काय नुसत्या? उलटा ना!

लामयाइ : मला विचारू नकोस. भात उतरवून आले तशी मी हातांवर बसलेय. स्वतःच्या हातानं भाजीन असं बोललाय तो. तीस वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांदेखत कोंबडी जळू देतेय मी. माझ्या आईनं बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.

फानोम : अरे धाव ना, माठ्या. माझा सदरा काय धरून बसलायस?

मेक : तू येतोस का?

फानोम : येतो. चल. आधी उचल तिला. वर धर, वर. राख टाक निखाऱ्यावर. मावशी, राख टाकू ना?

लामयाइ : टाक. राखेला नवस नाही.

मेक : एक बाजू पार कोळसा झालीय.

लामयाइ : आणि दुसरी अजून लाल. शाबास. आता ती बाजू दम धरून भाज. कमी आचेवर. हलू नकोस जागचा. फानोम, तू त्याच्या पाठीशी बस, पळाला तर पाय ओढ.

फानोम : मी चिडलेलो आहे, मावशी. हे लक्षात असू द्या.

लामयाइ : असू दे की. चिडून बस. चिडलेल्या माणसाला बसायला जागा लागतेच.

मेक : किती वाजले?

फानोम : दहा. लक्ष दे. ह्या कडेनं थेंब पडायला लागलेत, जरा सरकव. हां. आता हळू.

(देवराई. अर्ध्या हिरव्या पत्र्याखाली केळीच्या पानावर कोंबडी, चिकट भात आणि छोट्या पेल्यात दारू.)

मेक : आजोबा, मी मेक, लामयाइचा. काळी चिठ्ठी मिळाली, म्हणून ही आणलीय. माझ्या हातानं भाजलीय. एक बाजू जळाली, ती माझ्यामुळे. आईचा काही दोष नाही, तिच्या गाडीवर अशी मिळत नाही.

लामयाइ : हे शेवटचं मोठ्यानं सांग. मागे शेजारीण उभी आहे.

मेक : तुम्ही खाऊन घ्या. उदबत्ती संपली की उरलेली आम्ही घेऊ. आणि आजोबा, हा फानोम. मागच्या वेळी मी ह्याचं नाव घेतलं नव्हतं. आज घेतोय. फानोम, थानोमचा मुलगा, वय एकवीस, ढोपरावर जखमेची खूण आहे, ती मी सायकलवरून पाडलं तेव्हाची. ह्याला नीट परत आणा.

फानोम : काही कबूल करू नकोस आता. तुझा भरवसा नाही, एखादा बैल भाजीन म्हणशील.

मेक : काही कबूल करत नाही. नुसतं मागतोय.

लामयाइ : उदबत्ती संपली. घ्या. फानोम, मांडीचा तुकडा तुला. चटणीत बुडव, चटणी मी केलीय, तिचा नवस नव्हता.

मेक : कशी झालीय?

फानोम : थांब, तोंडात आहे.

मेक : सांग ना.

फानोम : मीठ जास्त. गवती चहा दातात अडकला.

मेक : आणि?

फानोम : आणि अजून एक तुकडा दे. गाडीत बसलो की काय देतील कुणाला माहीत.

लामयाइ : पाऊण तास राहिलाय. निघायला हवं.

फानोम : हो. मेक, तू माझ्याबरोबर घरी चल आधी. आईला शाळेपर्यंत आणायचंय. गुडघ्यांमुळे तिला एकटीला चालवत नाही, हात धरावा लागतो. आणि पुढेही लागणार.

मेक : कुठला हात धरू?

फानोम : डावा. उजव्यात काठी असते. रोज नाही, बाजाराच्या दिवशी फक्त. आणि ओढायचं नाही. ती थांबली की आपण थांबायचं, काही विचारायचं नाही.

मेक : डावा. बाजाराच्या दिवशी.

फानोम : ती थांबली की?

मेक : आपण थांबायचं.